पंधरा माणसांची गाडी

'टेम्पो' हा शब्द आता मराठीत इतका रुळला आहे की तो बाहेरून आला याची आठवण कोणास होत नाही. घर बदलावयाचे असले की टेम्पो सांगितला जातो, आंब्याच्या पेट्या टेम्पोतून उतरतात, आणि यात्रेस निघालेली मंडळी 'टेम्पो ट्रॅव्हलर' ठरवितात. वास्तविक टेम्पो हे जर्मनीतील हँबुर्ग शहरच्या एका कारखान्याच्या गाड्यांचे नाव. हा कारखाना विडाल नावाच्या घराण्याचा.  १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांनी त्या कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी काढली आणि तीन चाकांची टेम्पो इकडच्या रस्त्यांवर धावू लागली. तिच्यामागून मॅटॅडोर आली. तिचे नावही हँबुर्गहूनच आलेले. शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड, कारखान्याचे कामगार, दुधाचे कॅन असे जे जे म्हणून गावात हलवावयाचे असे, ते मॅटॅडोरने वर्षानुवर्षे हलविले.

१९८७ च्या सुमारास इंदूरजवळच्या पीथमपूर येथील कारखान्यातून याच कंपनीची 'ट्रॅव्हलर' बाहेर पडू लागली. तिचा नमुना मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या टी-१ या गाडीचा. ही टी-१ जर्मनीत १९७७ मध्ये निघाली, प्रथम ब्रेमेन येथे व नंतर ड्युसेलडॉर्फ येथे तयार होत असे, आणि १९९५ मध्ये स्प्रिंटर या नव्या गाडीने तिची जागा घेतली. म्हणजे मूळ गावी तिचा कारभार अठरा वर्षांत आटोपला. माळव्यात आलेली तिची शाखा मात्र चांगलीच फोफावली. कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, धुराचे नियम कडक झाले तसे इंजिन पालटत गेले, तोंडावळाही थोडाफार बदलला. परंतु जर्मनीतील जुनी टी-१ पाहिलेल्या माणसास आजची ट्रॅव्हलर दुरून ओळखू यावी इतके साम्य अजून शिल्लक आहे. इंदूरच्या मराठी मंडळींना यात थोडा अभिमान वाटत असेल, तर तो वावगा म्हणता येणार नाही.

अशी बारा-पंधरा माणसांची गाडी स्वतःच्या मालकीची असावी असे पुष्कळांच्या मनात येते. कधी मोठे एकत्र कुटुंब असते, कधी भजनी मंडळ, कधी एखादी लहान शाळा, कधी दोघा-तिघा भावांचा प्रवासी वाहतुकीचा धंदा. आणि गाडी घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो : ही टिकेल किती वर्षे? विक्रेता याचे उत्तर इंजिनाच्या भाषेत देतो. घेणाराही ते इंजिनाच्याच भाषेत ऐकतो. अमुक लाख किलोमीटर झाले तरी इंजिन उघडावे लागले नाही, हे वाक्य ऐकले की सौदा निम्मा ठरलेला असतो. परंतु पंधरा माणसांच्या गाडीच्या बाबतीत टिकणे या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी लपलेल्या असतात. रोज सकाळी किल्ली फिरविली की गाडी सुरू होते की नाही, ही एक. आणि आत बसलेली पंधरा माणसे संध्याकाळी घरी उतरतील याची खात्री ती किती वर्षे देऊ शकते, ही दुसरी. पहिली टिकली म्हणजे दुसरीही टिकली असे धरून चालण्यात मोठा धोका आहे.

पहिल्या गोष्टीपुरते बोलावयाचे तर या गाड्यांनी खरोखरच नाव राखले आहे. ट्रॅव्हलरमध्ये आरंभी जे डिझेल इंजिन बसविले गेले, ते मर्सिडीजच्या ओएम-६१६ या जातीचे, चार सिलिंडरचे, २४०४ घनसेंटीमीटर क्षमतेचे. मर्सिडीजच्या '२४० डी' या मोटारीतही हेच इंजिन असे आणि जगभरच्या टॅक्सीवाल्यांचा त्यावर मोठा लोभ. ते फार जोरकस नव्हते. किंबहुना चढावर त्याचा दम लवकर लागे. पण ते साधे होते, जाड घडणीचे होते, आणि त्यात रबरी पट्ट्याऐवजी साखळी असल्यामुळे अमुक किलोमीटरला पट्टा बदला नाहीतर इंजिन गमवा अशी टांगती तलवार नव्हती. ग्रीसमधील सालोनिका शहरच्या एका टॅक्सीवाल्याने आपली १९७६ सालची २४० डी छेचाळीस लाख किलोमीटर चालविली आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयास दिली. हा दाखला इंजिनाच्या थोरवीसाठी नेहमी सांगितला जातो. त्यातील दुसरा अर्धा भाग मात्र सांगण्यातून गळतो. त्या टॅक्सीवाल्याने तेच एक इंजिन अखेरपर्यंत वापरले नाही. त्याने इंजिने वेळोवेळी उतरविली, दुरुस्त केली आणि आळीपाळीने बसविली. गाडी मोडून पडण्याची वाट त्याने पाहिली नाही, यात छेचाळीस लाखांचे बरेचसे रहस्य आहे.

जुन्या नमुन्याच्या गाडीचा आणखी एक लाभ असा की तिची दुखणी गावोगावच्या मिस्त्र्यांना पाठ असतात. निपाणी असो, देवास असो की नवसारी, ट्रॅव्हलर आली की मिस्त्री बोनेट उघडण्यापूर्वी अर्धे निदान करून मोकळा होतो. सुटे भाग दुकानात टांगलेले असतात. नव्या धर्तीच्या गाडीचे दोष तिच्या पहिल्या मालकांना स्वतःच्या खर्चाने शोधावे लागतात. जुन्या नमुन्याचे दोष आधीच्या मालकांनी शोधून ठेवलेले असतात. दीर्घकाळ भरवसा देणारी गाडी म्हणून जिची ख्याती होते, तिच्या ख्यातीत या गोष्टीचा वाटा इंजिनाच्या पोलादाइतकाच असतो.

आता गाडी झिजते कशी ते पाहावे. मालकाची नजर सहसा किलोमीटरच्या आकड्यावर असते; परंतु तो आकडा पुरते सत्य सांगत नाही. यात्रेची गाडी देवळाबाहेर उभी असते, आत वृद्ध मंडळी बसलेली असतात, बाहेर ऊन रखरखत असते, म्हणून वातानुकूलन चालू राहावे यासाठी इंजिन दोन-दोन तास चालू ठेवले जाते. चाके जागची हलत नाहीत, आकडा पुढे सरकत नाही. पण तेल जळत असते, बेअरिंगे फिरत असतात आणि उष्णता साचत असते. अशी गाडी एक लाख किलोमीटरची म्हणून विकत घेणारा माणूस वस्तुतः त्याहून बरीच वापरलेली गाडी घेत असतो. तेल बदलण्याची मुदत ठरविताना कंपनीच्या पुस्तिकेत कष्टाच्या वापरासाठी वेगळी, आखूड मुदत दिलेली असते. आपला वापर कष्टाचा नाही असे समजणारे मालक पुष्कळ; प्रत्यक्षात पंधरा माणसे, धूळ, घाट आणि उभ्या जागी चालणारे इंजिन हा वापर कष्टाचा नव्हे तर दुसरा कोणता?

उष्णता हा या इंजिनांचा खरा वैरी होय. रेडिएटरमध्ये कंपनीने सांगितलेले शीतद्रव घालावयाचे असते. परंतु वाटेत पाणी कमी झाले की धाब्यावरच्या नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतले जाते. बोअरच्या पाण्यातील क्षार आत थर धरतात, आधणाच्या पातेल्याला आतून पांढरे कवच चढते तसे. पाण्याच्या वाटा अरुंद होतात. मग एका उन्हाळ्यात, चढावर, पूर्ण भार असता, काटा लाल रेघेकडे जातो. चालक 'आणखी दोन वळणे' म्हणून गाडी रेटतो, आणि सिलिंडरच्या डोक्याखालची गॅस्केट जाते. होजपाईप, फॅनबेल्ट आणि रेडिएटरचे झाकण या स्वस्त वस्तू वेळेवर बदलल्या असत्या तर हजारोंचा खर्च वाचला असता, हे मागाहून प्रत्येकास कळते. झाकणाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. ते सैल झाले की आतील दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते; पण झाकण बिघडू शकते हेच पुष्कळांना पटत नाही.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी एक जाळी असते. अडलेली काजळी आतल्या आत जळून जावयास धूर पुरेसा तापावा लागतो, आणि तो तापावा यासाठी गाडी काही वेळ सलग चालावी लागते. शाळेची गाडी सकाळी चार किलोमीटर आणि दुपारी चार किलोमीटर, तेही दर शंभर पावलांवर थांबत, अशी फिरली तर ही जाळी तुंबते. फार लांब चालल्याने गाडी बिघडते हा जुना समज येथे उलटा ठरतो.

न चालणाऱ्या गाडीची कथा त्याहून निराळी. संस्थेच्या मालकीची गाडी मे महिन्याच्या सुटीत सहा-सहा आठवडे जागची हलत नाही. बॅटरी उतरते, टाकीत ओल धरते, उंदीर तारा कुरतडतात. हे सारे दिसून तरी येते. टायरचे म्हातारपण दिसत नाही. नक्षी खोल शिल्लक असते, म्हणून टायर नवाच आहे असे वाटते. परंतु रबर वयानेही मरते. ऊन, हवा आणि वेळ यांनी ते आतून कडक होत जाते आणि थरांची पकड सुटत जाते. टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन वर्षातील आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. म्हणजे '२३१८' असे असल्यास तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. जुनी गाडी पाहावयास जाणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्यापूर्वी पाचही टायरांचे हे आकडे वाचावे. पाच म्हणण्याचे कारण असे की स्टेपनी बहुधा सर्वांत जुनी असते. ती कधी वापरलेली नसते, म्हणून चांगली समजली जाते, आणि नेमकी अडचणीच्या वेळी, पूर्ण भारासकट, तिच्यावर सगळा भरवसा टाकला जातो.

कोकण व गोव्याच्या बाजूस राहणाऱ्या गाडीस गंजाचे दुखणे विशेष. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी पत्र्याच्या खालच्या कडा, दाराचे उंबरे आणि पायरीचा भाग आतून खात जातो. वरून रंग मारला की गाडी पुन्हा देखणी दिसते. चेसिसला जोडलेल्या भागांवर हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहिले असता आवाज बसका आला, तर तो रंग कशावर मारला आहे ते कळते. पावसाळा संपल्यावर खालून एकदा गोड्या पाण्याने गाडी नीट धुवून घ्यावी आणि पाट्यांना ग्रीस द्यावे. एवढ्या साध्या गोष्टीने वर्षे वाढतात. पण गाडी वरून धुण्याची जितकी हौस असते तितकी ती खालून धुण्याची नसते.

बेळगावहून गोव्यात उतरणाऱ्या गाड्यांना चोर्ल्याचा घाट किंवा अनमोडचा घाट लागतो. भरलेली गाडी उतारावर सोडली की तिचे सर्व वजन ब्रेकवर येते. ब्रेकमधील द्रव हवेतील ओल शोषून घेतो. डॉट-चार प्रतीच्या द्रवाचा उकळबिंदू तो ताजा असता किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ठराविक प्रमाणात पाणी शोषलेल्या द्रवासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. सलग ब्रेक दाबल्याने चाकाजवळची उष्णता तेथवर पोहोचली तर द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते म्हणून पावलाखालचा पेडल नुसताच खाली जातो. ब्रेक काल ठीक होते, आज सकाळीही ठीक होते. घाटाच्या मध्यावर ते गेले. मिस्त्री खाली येऊन पाहतो तोवर द्रव निवालेला असतो आणि ब्रेक पुन्हा लागू लागतात, त्यामुळे दोष चालकावर जातो. द्रव दोन वर्षांनी बदलावा हा सर्वसाधारण सल्ला आहे. कितीतरी गाड्यांत तो कारखान्यातून निघाल्यापासून बदललेला नसतो.

याच घाटात आणखी एक घातक सवय आढळते. डिझेल वाचावे म्हणून काही चालक उतारावर गाडी न्यूट्रलवर टाकतात, आणि त्यांतील थोर मंडळी इंजिनच बंद करतात. आता या गाड्यांतील ब्रेकला इंजिनाची मदत असते. डिझेल इंजिनावर एक लहान पंप निर्वात तयार करतो आणि त्या निर्वाताच्या बळावर पायाच्या दाबास जोर मिळतो. इंजिन बंद झाले की साठलेल्या निर्वातावर एक-दोन वेळा ब्रेक लागतो. त्यानंतर पेडल दगडासारखा कडक होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा हा जुन्या चालकांचा नियम होता, आणि त्यात इंजिनच गाडीला आवरून धरी. गिअरमध्ये उतरताना पाय वर घेतला असता आजची इंजिने डिझेल जवळजवळ घेतच नाहीत, तेव्हा बचतीचा मुद्दाही फोल आहे.

येथवर जे सांगितले त्यात काळजी घेणाऱ्या मालकास उपाय आहे. परंतु काही दोष गाडीच्या घडणीतच असतात आणि त्यांस तेलपाणी उपयोगी पडत नाही. यासंबंधी अमेरिकेतील अनुभव बोधप्रद आहे. तेथे पंधरा बैठकांची व्हॅन फार वर्षे लोकप्रिय होती. फोर्ड, डॉज आणि शेव्हर्ले यांच्या अशा गाड्या चर्च, महाविद्यालये, खेळाडूंचे संघ आणि पाळणाघरे यांच्या दारी उभ्या असत. मोठी पेट्रोल इंजिने, ट्रकाच्या धर्तीचा सांगाडा आणि साधी रचना यांमुळे त्या टिकाऊ म्हणून नावाजलेल्या. संस्था त्या जुन्या घेत, रविवारी किंवा सामन्याच्या दिवशी बाहेर काढीत आणि वीस-वीस वर्षे वापरीत. गाडी सुरू होते, मग ती बदलावयाची कशास, असा सरळ हिशेब.

२००१ मध्ये तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने या गाड्यांविषयी जाहीर इशारा दिला. एकट्याच गाडीच्या अपघातांत, म्हणजे दुसऱ्या वाहनाशी टक्कर नसता, दहा किंवा अधिक माणसे बसलेली व्हॅन उलटण्याचे प्रमाण हलक्या भाराच्या व्हॅनच्या जवळजवळ तिप्पट आढळले. कारण समजावयास सोपे आहे. माणसे बसली की गाडीचा गुरुत्वमध्य वर चढतो आणि मागेही सरकतो, कारण शेवटचा बाक मागच्या चाकांच्याही पलीकडे असतो. रिकामी गाडी हाताला जशी लागते तशी भरलेली लागत नाही. चालक मोटार चालविण्याच्या सवयीने अचानक चाक फिरवितो, मागचा भाग बाहेर फेकला जातो, आणि गाडी कलंडते. हा इशारा पुढील वर्षांत त्या खात्यास पुन्हा पुन्हा द्यावा लागला. याच खात्याच्या २००५ मधील पाहणीत पंधरा बैठकांच्या व्हॅनपैकी ७४ टक्के गाड्यांच्या टायरांतील हवेचा दाब लक्षणीय चुकलेला निघाला. साध्या मोटारींत हेच प्रमाण ३९ टक्के होते. आठवडाभर उभी राहणारी, कोणा एकाची नसलेली गाडी. तिच्या टायरात हवा कोण पाहणार?

या गाड्यांची इंजिने वाईट नव्हती, हे लक्षात ठेवावयास हवे. ती उत्तम होती म्हणूनच गाड्या इतकी वर्षे रस्त्यावर राहिल्या. घसरती गाडी आपोआप सावरणारी विद्युतयंत्रणा तेथे पुढे आली, आणि २०१२ च्या नमुन्यांपासून साडेचार टनांपर्यंतच्या नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली. पण १९९५ सालची टिकाऊ गाडी वापरणाऱ्या संस्थेला त्या सुधारणेचा लाभ मिळावयाचा कसा? जी गाडी लवकर मोडली असती, तिच्या जागी सुरक्षित गाडी आली असती. जी मोडली नाही, ती मुलांना घेऊन फिरत राहिली.

इकडच्या गाड्यांची घडण थोडी निराळी आहे हे खरे, आणि अमेरिकेतील आकडे जसेच्या तसे येथे लावणे बरोबर होणार नाही. परंतु भाराचा नियम सर्वत्र एकच. तेरा माणसे सरासरी ६५ किलोची धरली तर ८४५ किलो होतात. त्यांचे सामान दरडोई दहा किलो धरले तर आणखी १३०. हे सामान आत मावत नाही म्हणून टपावर जाते, आणि टपावर ते एकटे जात नाही. स्वयंपाकाची पातेली, गॅसचे सिलिंडर, सतरंज्या, परतताना घेतलेले तांदळाचे पोते, हे सर्व गाडीच्या सर्वांत उंच जागी चढते. लहान मुले मोजली जात नाहीत. मधल्या वाटेत प्लास्टिकची स्टुले टाकून आणखी तिघांची सोय होते. नोंदणीच्या पुस्तकात बैठकांची जी संख्या लिहिलेली असते ती विमा कंपनी अपघातानंतर प्रथम पाहते. ब्रेक, पाटे आणि टायर ती संख्या अपघातापूर्वीच पाहत असतात.

एवढ्या मोठ्या गाडीची मालकी पुष्कळदा वाटून घेतलेली असते. चार भावांनी किंवा मंडळाने मिळून गाडी घेतली की तिचा कारभार बाराभाईचा होतो. लग्नसराईत ती सर्वांची असते. तेल बदलावयाचे आले की ती कोणाचीच नसते. एक चालक क्लचवर पाय ठेवून चालवितो, दुसरा खड्ड्यातून वेगाने नेतो, तिसऱ्याला खालून येणारा खडखडाट ऐकू येतो पण तो आज सकाळपासून आहे की गेल्या महिन्यापासून हे त्याला माहीत नसते. एकाच चालकाच्या हाती राहिलेल्या गाडीतील फरक तो चालक रस्ता न पाहता कानाने सांगू शकतो. तेव्हा वाटून घेतलेली मालकी चालेल, पण गाडी एकाच्या जिम्म्यास असावी, आणि तिच्याजवळ एक साधी शंभर पानी वही असावी. तीत तारीख, किलोमीटर, घातलेले डिझेल, बदललेला भाग आणि आढळलेला दोष एवढेच लिहावे. डिझेलचा खप हळूहळू वाढू लागला, तेल महिन्याला अर्धा लिटर अधिक लागू लागले, हे डोळ्यांना दिसत नाही, वहीत दिसते. जुनी गाडी घेताना अशी वही जिच्याबरोबर मिळते तिला चार पैसे जास्त द्यावयास हरकत नाही. चकाकत्या रंगापेक्षा तेलाचे डाग पडलेली वही अधिक खरे बोलते.

त्याच वहीच्या मागच्या बाजूस पैशाचा हिशेब असावा. वर्षास वीस हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीवर मालकाने दर किलोमीटरला एक रुपया बाजूस काढला, तरी पाच वर्षांत लाख रुपये जमतात आणि इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे मोठे काम निघाले तर उसनवारी करावी लागत नाही. हे पैसे बाजूस नसतात म्हणून काम पुढे ढकलले जाते, आणि ढकललेले काम नेहमी ब्रेकचे असते. इंजिन बिघडले तर गाडी चालत नाही, म्हणून त्याचे काम तातडीने होते. ब्रेकचे लायनर झिजले, पुढचा बॉलजॉइंट सैल झाला, तरी गाडी चालते.

कायद्याने या प्रश्नाला काही मर्यादा घातल्या आहेत. मोटार वाहन कायद्यात चालकाखेरीज सहाहून अधिक आणि बारापर्यंत माणसे भाड्याने नेणाऱ्या गाडीस मॅक्सीकॅब म्हटले आहे. भाड्याच्या गाडीस योग्यतेचा दाखला लागतो. पहिल्या आठ वर्षांत तो दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी घ्यावा लागतो. खाजगी गाडीची नोंदणी मात्र एकदा झाली की पंधरा वर्षे चालते, आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. म्हणजे भाड्याची गाडी निदान दोन वर्षांतून एकदा कोणा परक्या माणसाच्या नजरेखालून जाते. कुटुंबाच्या गाडीस पंधरा वर्षांत तशी नजर लागत नाही. ज्या गाडीत घरची सर्व माणसे एकदम बसतात तिच्याविषयी कायदा अधिक निर्धास्त असावा, हे थोडे चमत्कारिकच. अशा मालकाने भाड्याच्या गाडीचा नियम आपण होऊन स्वीकारावा. वर्षातून एकदा, आषाढीच्या किंवा मेच्या प्रवासापूर्वी, आपला नेहमीचा मिस्त्री सोडून दुसऱ्याकडे गाडी दाखवावी. नेहमीच्या मिस्त्र्याला तिची दुखणी सवयीची झालेली असतात.

आणि गाडी थांबवावयाची केव्हा? इंजिन थकेपर्यंत वाट पाहू नये, एवढे वरील विवेचनावरून स्पष्ट आहे. बाकांचे बोल्ट ज्या पत्र्यात बसविलेले आहेत तो पत्रा गंजला, पट्टे नाहीत किंवा ते बसविण्यास भक्कम जागा उरली नाही, चेसिसला एकदा जोड दिलेला पुन्हा तडकला, यांपैकी काही झाले की ती माणसांची गाडी राहिली नाही, मग किल्ली फिरविताच ती कितीही आज्ञाधारकपणे सुरू होवो. येथे मालकाचा जीव अडकतो. त्याच गाडीतून मुलीची पाठवणी झालेली असते, वडिलांना रात्री इस्पितळात नेलेले असते. शिवाय दुसरा कोणी गिऱ्हाईक लाखभर रुपये देऊन ती घेण्यास तयार असतो, आणि तो ती कशासाठी वापरणार हे कोणी विचारीत नाही. पुष्कळदा ती आणखी लहान गावातील शाळेच्या दारी उभी राहते.

मोडीचे भाव कमी येतात हे खरे. पण २०२१ च्या नियमांनुसार नोंदणी झालेल्या मोडीच्या केंद्रात गाडी दिली असता ठेवीचा दाखला मिळतो आणि त्यावर नव्या गाडीच्या नोंदणीचे शुल्क माफ होते, तेव्हा तोटा वाटतो तितका नसतो. गाडी देताना चेसिसचा क्रमांक आणि पुढची-मागची पाटी यांचे काय होते ते समोर उभे राहून पाहावे, आणि परिवहन कार्यालयात नोंदणी रद्द करून घ्यावी. गाडी नष्ट झाल्याची खबर चौदा दिवसांच्या आत देण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. तो रद्द झाल्याचा कागद वहीच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवावा.